नॅनोकण कुठल्या थरात बसणार? ब्लॉक कोपॉलिमरमध्ये कण आणि लहान रेणू हव्या त्या जागी पोचवण्याची पद्धत

सोन्याच्या नॅनोकणांच्या दोन बाटल्या घ्या. दोन्हींत सोन्याचा गाभा ३ नॅनोमीटर व्यासाचा. दोन्हींवर ३,४०० रेणुभाराच्या पॉलिस्टायरीनच्या साखळ्या थायॉलच्या (सोन्याला धरणाऱ्या गंधकयुक्त गटाच्या) टोकाने चिकटवलेल्या. फरक एवढाच की टीजीएमध्ये (तापवत तापवत वजन मोजणाऱ्या यंत्रात) तापवल्यावर पहिल्या बाटलीतल्या कणांचं वजन ५० टक्क्यांनी घटतं आणि दुसऱ्या बाटलीतल्यांचं ४० टक्क्यांनी. हे कण पॉलिस्टायरीन आणि पॉलि-२-व्हिनाइलपिरिडीनच्या (पुढे पीएस-पी२व्हीपी) ब्लॉक कोपॉलिमरमध्ये, म्हणजे दोन वेगळ्या साखळ्या (ब्लॉक) टोकाला टोक जोडलेल्या पॉलिमरमध्ये, घातले, तर पहिले पॉलिस्टायरीनच्या थरात शिरतील आणि दुसरे दोन थरांच्या सीमेवर जाऊन थांबतील. सोनं तेच, आवरण त्याच पॉलिमरचं, तरी जागा वेगळी.

या क्षेत्रात नव्याने येणारे विद्यार्थी 'माझा कण पीएसला आवडतो की पी२व्हीपीला' एवढाच प्रश्न विचारतात. तो पुरत नाही. कणावर साखळ्या किती दाट आहेत, आवरणासकट कण किती मोठा आहे आणि थर किती जाड आहे, हे तीन आकडे काढल्याशिवाय वजनकाट्याला हात लावू नये, असं माझं ठाम मत आहे. तिन्ही आकडे कागद-पेन्सिलीवर निघतात आणि त्यातून कित्येक आठवड्यांची टीईएमची (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची) पायपीट वाचते. खाली पीएस-पी२व्हीपी आणि सोनं हे उदाहरण धरून एकेक पायरी दिली आहे. लहान रेणूंकडे नंतर वळू, कारण त्यांचं वागणं वेगळं आहे.

पायरी १ : नुसत्या पॉलिमरचे थर मोजा

एकमेकांत न मिसळणाऱ्या दोन साखळ्या टोकाला टोक जोडून रासायनिक बंधाने बांधल्या, की त्यांना वेगळं व्हायचं असतं पण दूर जाता येत नाही. मग त्या नॅनोमीटरच्या मापाचे थर, दंडगोल किंवा गोळे करून राहतात. हे कधी घडतं, याचा निकष लुडविक लाइब्लरने १९८० साली मांडला. सममित साखळीसाठी फ्लोरी-हगिन्स गुणांक (दोन ब्लॉक एकमेकांना किती टाळतात याचा आकडा) आणि साखळीतल्या एककांची संख्या यांचा गुणाकार १०.५ च्या वर गेला की थर पडतात. पीएस-पी२व्हीपीचा गुणांक १८० अंश सेल्सिअसला सुमारे ०.१ आहे. हजारभर एककांच्या साखळीत गुणाकार शंभराच्या घरात जातो, म्हणजे थर ठळक आणि सीमा दोन-तीन नॅनोमीटर इतकी बारीक.

थरांची जाडी साखळीच्या लांबीच्या दोन-तृतीयांश घाताने वाढते. एकूण एक लाख रेणुभाराच्या सममित पीएस-पी२व्हीपीत पीएस आणि पी२व्हीपी मिळून एक जोडी ४०-५० नॅनोमीटरची असते, म्हणजे एकेक थर वीस-पंचवीस नॅनोमीटरचा. पण या अंदाजावर थांबू नका. कण न घातलेल्या फिल्मचं सॅक्स, म्हणजे लहान कोनातलं क्ष-किरण विकिरण, करून घ्या. थर असतील तर शिखरं १ : २ : ३ या प्रमाणात येतात, षटकोनी मांडणीतले दंडगोल असतील तर १ : √३ : २ : √७. पहिल्या शिखराच्या जागेवरून थरांच्या जोडीची जाडी निघते. प्रयोगशाळेतल्या साध्या यंत्रावर शिखरं अंधूक आली, तर इंदूरला इंडस-२ सिंक्रोट्रॉनवर सॅक्सची सोय आहे. एखादा ब्लॉक ड्यूटेरियमयुक्त असेल तर ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीवर न्यूट्रॉनचं विकिरणही करता येतं.

पायरी २ : कणावर साखळ्या किती दाट आहेत ते काढा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

एक ग्रॅम सोनं ३ नॅनोमीटरच्या गोळ्यांत वाटलं, तर त्याचं पृष्ठफळ किती? सहाला घनता आणि व्यास यांच्या गुणाकाराने भागायचं. सोन्याची घनता १९.३ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर धरली की उत्तर येतं ग्रॅममागे सुमारे १०४ चौरस मीटर. आता टीजीएमध्ये ५० टक्के वजन गेलं, म्हणजे एक ग्रॅम सोन्यावर एक ग्रॅम पीएस होतं. त्या पीएसच्या साखळ्यांची संख्या (वजन भागिले ३,४०० गुणिले अ‍ॅव्होगाड्रो संख्या) या पृष्ठफळावर पसरली की दर चौरस नॅनोमीटरला १.७ साखळ्या पडतात. ४० टक्के घट असेल तर एक ग्रॅम सोन्यावर पीएस फक्त ०.६७ ग्रॅम, आणि साखळ्यांची दाटी उतरते १.१४ वर.

हा फरक निर्णायक का ठरतो, ते सांता बार्बरा इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठात एडवर्ड क्रेमर यांच्या गटाने दाखवलं. २००५ मध्ये त्यांनी आधी साधी गोष्ट सिद्ध केली. पीएसचं आवरण असलेले कण पीएसमध्ये जातात, पी२व्हीपीचं आवरण असलेले पी२व्हीपीमध्ये, आणि दोन्हींचं मिश्र आवरण असलेले सीमेवर. पुढच्याच वर्षी त्यांनी नुसत्या पीएसच्या आवरणाची दाटी बदलत नेली. ती साधारण १.६ च्या वर असली की कण पीएसच्या आत, १.३ च्या खाली गेली की सीमेवर. कारण सोनं पिरिडीनच्या नायट्रोजनला ओढतं. साखळ्या विरळ झाल्या की पी२व्हीपीला त्यांच्यामधून उघडं सोनं गवसतं. शिवाय थायॉलने धरलेल्या साखळ्या सोन्यावर जागच्या जागी खिळलेल्या नसतात, सरकू शकतात. सीमेवर आलेल्या कणाच्या साखळ्या पीएसच्या बाजूला गोळा होतात आणि पी२व्हीपीकडची बाजू मोकळी पडते. कण मग दोन तोंडांचा होतो आणि सीमा सोडत नाही.

त्यामुळे टीजीएच्या आधी मोकळ्या साखळ्या धुऊन काढणं अत्यावश्यक आहे. पृष्ठभागाला न चिकटलेलं पीएस नमुन्यात राहिलं, तर तेही वजनात घट दाखवतं, दाटी फुगून दिसते आणि १.१४ चे कण १.७ चे वाटतात. नॉन-सॉल्व्हंट घालून साका बसवणं, सेंट्रिफ्यूज, पुन्हा विरघळवणं, असं चक्र चालू ठेवा आणि जीपीसीत (रेणू आकारानुसार वेगळे करणाऱ्या चाचणीत) मोकळ्या साखळीचं शिखर पूर्ण नाहीसं झाल्यावरच थांबा. गाभ्याचा व्यासही टीईएमच्या चित्रावरून मोजा. संश्लेषणाच्या कृतीत लिहिलेला आकडा तसाच धरू नका, कारण व्यासातली चूक सरळ दाटीत उतरते.

पायरी ३ : आवरणासकट कण किती मोठा

लोक '३ नॅनोमीटरचा कण' म्हणतात आणि २० नॅनोमीटरच्या थरापुढे त्याला नगण्य मानतात. हिशोब करून बघा. एक ग्रॅम सोनं ०.०५२ घन सेंटिमीटर जागा घेतं, त्यावरचं एक ग्रॅम पीएस ०.९५. म्हणजे आवरणासकट आकारमान गाभ्याच्या जवळपास एकोणीस पट. घनमूळ काढलं की व्यास २.७ पट होतो. थराच्या दृष्टीने तुमचा कण ८ नॅनोमीटरचा आहे. ४० टक्के घट दाखवणारा कणही ७ च्या आसपास भरतो.

आता या व्यासाला थराच्या जाडीने भागा. गुणोत्तर लहान, म्हणजे ०.२ च्या खाली असेल, तर कण आपल्या थरात मोकळेपणी पसरतो आणि सीमेजवळही सहज जातो. ०.३ च्या पुढे गेलं की तो थराच्या मध्यावर ढकलला जातो. मोठ्या कणाभोवती ब्लॉकच्या साखळ्यांना वळसा घालून ताणावं लागतं. साखळ्यांची टोकं थराच्या मध्यावर जास्त असतात, तिथे कण बसला तर ताण सर्वांत कमी पडतो. लहान कणासाठी हा ताण क्षुल्लक असतो, त्याला भटकण्याची एंट्रॉपी जास्त मोलाची. अ‍ॅना बालाझ आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये हे सिद्धान्ताने मांडलं. २००३ मध्ये एमआयटीत एडविन थॉमस यांच्या गटाने एकाच पॉलिमरमध्ये ३.५ नॅनोमीटरचं सोनं आणि २१.५ नॅनोमीटरचं सिलिका एकत्र घालून दाखवलं. सोनं सीमेलगत राहिलं आणि सिलिका थराच्या मधोमध.

गुणोत्तर १ च्या जवळ गेलं तर नाद सोडा. कण थर मोडतात किंवा बाहेर फेकले जाऊन एकत्र गोळा होतात. अशा वेळी कण बदलण्यापेक्षा जास्त रेणुभाराचा पॉलिमर घेणं सोपं.

आवरणाच्या साखळीची लांबीही तपासा. थरातली साखळी आवरणाच्या साखळीपेक्षा खूपच लांब असली, तर ती आवरणात शिरायला नाखूश असते आणि कण एकमेकांना चिकटतात. लहान कणाची वक्रता जास्त असल्याने साखळ्यांची टोकं फाकतात आणि थोडी सवलत मिळते. गाभा दहा-वीस नॅनोमीटरचा असेल तर ती धरून चालू नका.

पायरी ४ : सीमेची ओढ किती

दोन्ही ब्लॉक सारखेच आवडणारा कण सीमेवर बसला, की आपल्या छेदाएवढी सीमा झाकतो. वाचलेली ऊर्जा म्हणजे पाय गुणिले त्रिज्येचा वर्ग गुणिले सीमेचा पृष्ठताण. पीएस आणि पी२व्हीपीमधला पृष्ठताण १८० अंशांच्या आसपास मीटरला सुमारे ३ मिलिन्यूटन आहे. २ नॅनोमीटर त्रिज्येच्या कणाला सीमेवर त्या तापमानाच्या औष्णिक ऊर्जेच्या सहापट फायदा होतो. ४ नॅनोमीटर त्रिज्येला चोवीसपट, म्हणजे तो तिथून हलणारच नाही. अर्ध्या नॅनोमीटर त्रिज्येच्या रेणूला मात्र जेमतेम ०.४ पट. एवढ्या तुटपुंज्या फायद्यासाठी रेणू सीमेवर थांबत नाही. कण आणि लहान रेणू यांच्या वागण्यातली तफावत या एका गणितात दिसते. रेणूला हव्या त्या जागी ठेवायचं तर सीमेच्या ओढीवर विसंबून चालत नाही, दुसरा काहीतरी बंध लागतो.

हा हिशोब वितळलेल्या पॉलिमरचा आहे. फिल्म द्रावकाने फुगलेली असताना पृष्ठताण कितीतरी घसरतो आणि सीमेवरचे कणही सैल पडतात. पायरी ६ मध्ये घाई का नको, ते यावरून लक्षात येईल.

पायरी ५ : वजनं

१०० मिलिग्रॅम पॉलिमरमध्ये आवरणासकट ५ टक्के आकारमानाचे कण हवे असतील, तर ५० टक्के घटीचे कण साधारण ९.७ मिलिग्रॅम लागतात. त्यात सोनं निम्मं, आणि आकारमानाने ते फिल्मच्या जेमतेम पाव टक्का. टक्केवारी सांगताना ती कशाची, हे वहीत प्रत्येक वेळी लिहा. पहिल्या फेरीत ५ टक्क्यांच्या पुढे जाऊ नका. एका ब्लॉकमध्ये कण भरत गेलात की तो ब्लॉक फुगतो आणि थरांचे दंडगोल होऊ शकतात. सीमेवर बसणारे कण पृष्ठताण उतरवून थर पातळ करतात, आणि फार झाले तर थर मोडून दोन्ही ब्लॉकचं एकमेकांत गुंतलेलं जाळं होतं. कोणाला तेच हवं असेल तर गोष्ट वेगळी.

पायरी ६ : फिल्म आणि वाफ

दोन्ही ब्लॉकना सारखाच मानवणारा द्रावक निवडा. डायक्लोरोमिथेन किंवा क्लोरोफॉर्म ठीक. टोल्युइनमध्ये पी२व्हीपीचा ब्लॉक आक्रसून मायसेल (साखळ्यांचे बारीक पुंजके) होतात आणि कण कुठे जाणार हे फिल्म बनण्याआधीच ठरून जातं. पॉलिमर आणि कण वेगवेगळे विरघळवून मग एकत्र करा आणि रात्रभर ढवळत ठेवा.

थर नीट पडण्यासाठी साखळ्यांना हलायला वाव हवा. पीएस आणि पी२व्हीपी दोन्ही १०० अंशांच्या आसपास मऊ होतात, त्यामुळे तापवण्याचा मोह होतो. थायॉलने बांधलेल्या सोन्याच्या बाबतीत तो टाळा. उष्णतेने थायॉल सुटतं, दाटी घटते, आणि पायरी २ मधला हिशोब निरुपयोगी होतो. त्याऐवजी बंद भांड्यात खोलीच्या तापमानाला द्रावकाच्या वाफेत एखादा दिवस ठेवा. काम फ्यूम हूडमध्येच करा, हे दोन्ही द्रावक श्वासावाटे जाऊ देण्यासारखे नाहीत. शेवटी वाफ काढताना झाकण एकदम उघडू नका. किंचित फट ठेवून काही तासांत द्रावक उडू द्या. फुगलेल्या अवस्थेत सीमेची ओढ कमी असते, आणि ती परत येत असताना कणांना आपली जागा शोधायला वेळ मिळायला हवा.

मिळालेली मांडणी समतोलातली आहे की मध्येच गोठलेली, हे ओळखायची एक खात्रीची पद्धत आहे. एक फिल्म दुप्पट वेळ वाफेत ठेवा, आणि एक दुसऱ्या द्रावकातून बनवा. तिन्हींत कण त्याच जागी असतील तर पुढे जा.

पायरी ७ : बघणं आणि मोजणं

फिल्म इपॉक्सीत बसवून अल्ट्रामायक्रोटोमवर ५०-६० नॅनोमीटरचे काप काढा. आयोडीनच्या वाफेने पी२व्हीपी गडद होतं, पीएस फिकं राहतं. अडचण अशी की सोनंही गडदच दिसतं. आयोडीन जास्त झालं तर ३ नॅनोमीटरचे कण काळ्या पट्ट्यात हरवतात, आणि पाहणारा समजतो की पी२व्हीपीत कणच नाहीत. म्हणून पहिला काप रंग न देता बघा, दुसऱ्याला हलका रंग द्या, आणि दोन्हींत कणांची संख्या जुळते का ते पाहा.

टीईएमच्या चित्रात कापाची सगळी जाडी एकावर एक पडते. थर तिरके असतील तर पीएसच्या मध्यावरचा कण सीमेवर असल्यासारखा भासतो. जिथे सीमा रेघेसारख्या तीक्ष्ण दिसतात, तिथले थर उभे आहेत, मोजणी फक्त तिथेच करा. दंडगोल किंवा गुंतलेल्या रचनांसाठी टोमोग्राफीला (अनेक कोनांतल्या चित्रांवरून त्रिमितीय रचना काढण्याला) पर्याय नाही.

प्रत्येक कणाचं जवळच्या सीमेपासूनचं अंतर मोजा, थराच्या जोडीच्या जाडीने भागा आणि त्याचा हिस्टोग्राम काढा. काहीशे कण तरी हवेत. नुसतं सुंदर चित्र छापून 'कण सीमेवर आहेत' असं लिहिणं मला पटत नाही. शिखर कुठे आहे आणि किती रुंद आहे, हे दोन्ही सांगितलं तरच वाचणाऱ्याला काही कळतं.

लहान रेणूंचं काय

रंग, औषध किंवा मीठ ब्लॉक कोपॉलिमरमध्ये घातलं, तर ते मुख्यतः विद्राव्यतेनुसार वाटलं जातं, आणि बहुतेकदा थोडं दुसऱ्या ब्लॉकमध्येही उरतं. एकाच ब्लॉकमध्ये पक्कं ठेवायचं तर हायड्रोजन बंध किंवा आयनांची ओढ वापरावी लागते. यातलं सर्वांत अभ्यासलेलं उदाहरण म्हणजे ३-पेन्टाडेसिलफिनॉल, प्रयोगशाळेच्या भाषेत पीडीपी. हा मेणचट रेणू काजूच्या टरफलातल्या तेलातून मिळणाऱ्या कार्डेनॉलवर हायड्रोजन चढवून बनतो. कोकण-गोव्यात काजूच्या कारखान्यांत ज्या तेलाने कामगारांचे हात भाजतात, त्याच तेलातला हा घटक. फिनलंडच्या ओली इक्काला आणि नेदरलँड्सच्या खेरिट टेन ब्रिंके यांच्या गटांनी १९९८ मध्ये पॉलि-४-व्हिनाइलपिरिडीनवर (पी४व्हीपी) तो टांगून थरांच्या आत आणखी बारीक थर बनवून दाखवले.

प्रमाण असं काढा. पीएस ४०,००० आणि पी४व्हीपी ५,६०० रेणुभाराचा एक ग्रॅम पॉलिमर घेतला, तर त्यात पिरिडीनची १.१७ मिलिमोल एककं आहेत. दर एककामागे एक पीडीपी (रेणुभार ३०४.५) हवा असेल तर ०.३५६ ग्रॅम लागेल. पी४व्हीपीचा वाटा वजनाने १२ टक्के होता, पीडीपीसकट तो ३५ टक्के होतो. म्हणजे लहान रेणूने नुसती जागा घेतली नाही, रचनेचा प्रकारच बदलला. द्रावक क्लोरोफॉर्म घ्या, मिथेनॉल किंवा डीएमएफ स्वतःच हायड्रोजन बंधात घुसतात. बंध जुळला की नाही ते एफटीआयआरमध्ये (अवरक्त वर्णपटात) दिसतं. पिरिडीनची ९९३ प्रति सेंटिमीटरची पट्टी सरकून १००७ च्या आसपास येते. ९९३ वर अजून काही शिल्लक असेल तर तेवढी पिरिडीन मोकळी आहे.

बर्कलीच्या टिंग शू यांच्या गटाने २००९ मध्ये हीच युक्ती कणांसाठी वापरली. पीडीपीच्या अल्किल शेपट्यांमुळे साधं अल्किल आवरण असलेले कण त्या ब्लॉकमध्ये सामावले, कणाचा पृष्ठभाग नव्याने घडवावा लागला नाही. माझ्या मते थायॉलवाल्या पीएसच्या संश्लेषणात अडकलेल्यांनी आधी हा मार्ग करून बघावा. ध्यानात ठेवायचं ते तापमान. साधारण ११० अंशांपुढे हायड्रोजन बंध ढिले पडतात आणि पीडीपी पीएसमध्येही मिसळू लागतं.

मिठाचं वागणं याहून वेगळं. पीएस आणि पॉलिइथिलीन ऑक्साइडच्या कोपॉलिमरमध्ये लिथियमचं मीठ ऑक्साइडच्या थरातच राहतं, पण त्या थरातही सारखं पसरलेलं नसतं. निताश बलसारा यांच्या बर्कलीतल्या गटाने २००९ मध्ये ऊर्जा-गाळणीच्या टीईएमने दाखवलं, की रेणुभार वाढला की लिथियम थराच्या मध्यावर एकवटतं. घन बॅटरीच्या इलेक्ट्रोलाइटवर काम करणाऱ्यांनी म्हणून सरासरी मिठावर न थांबता थराच्या आतलं वितरणही बघावं.

जागा चुकली तर

कण पीएसमध्ये हवे होते आणि सीमेवर आले, तर आधी दाटी बघा, मग वाळवण्याचा वेग. कण थरांबाहेर गोळा झाले, तर आवरणाची साखळी आखूड आहे किंवा कणाच्या व्यासाचं थराच्या जाडीशी गुणोत्तर मोठं आहे. कण कापात दिसतच नाहीत, तर फिल्मचा पूर्ण उभा छेद तपासा, ते बऱ्याचदा वरच्या मोकळ्या पृष्ठभागावर किंवा खाली तळाशी जाऊन बसलेले असतात. आणि थर अपेक्षेपेक्षा जाड येत असतील तर कणांना दोष देण्याआधी फिल्म व्हॅक्यूममध्ये ठेवून वजन घ्या. उरलेला द्रावक हाही एक लहान रेणूच असतो, आणि तोही एखाद्या ब्लॉकमध्ये जाऊन बसलेला असतो.